शब्बाथ शाळेतील मुलांसाठी ख्रिस्ती चरित्रे: रमाबाईंपासून सुरुवात करावी का?

प्रश्न
नमस्कार. आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे आणि दर रविवारी शेवटची पंधरा मिनिटे मी त्यांना एखादे चरित्र वाचून दाखवते. आतापर्यंतची बहुतेक पुस्तके इंग्रजीवरून मराठीत आणलेली होती आणि त्यांतली माणसे इतकी निर्दोष होती, की एका मुलीने "बाई, यांना कधी कुणाचा राग येतच नव्हता का?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आता पंडिता रमाबाईंचे चरित्र घ्यावे असे मनात आहे. परंतु दुष्काळातले मृत्यू, धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ या वयाला कसे सांगावे? शिवाय चरित्र द्यावे की कादंबरी?

उत्तर १
रमाबाईंपासूनच सुरुवात करावी आणि काहीही गाळू नये. आईवडील गेल्यानंतर त्या आणि त्यांचे बंधू श्रीनिवास देशभर पायी हिंडत होते. झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी कबरीसारखे दोन खड्डे केले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढा एक प्रसंग सावकाश वाचला, तर दुष्काळ आणि दैन्य म्हणजे काय ते मुलांना वेगळे समजवावे लागत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई मुकाट्याने सर्व ऐकत राहिल्या नाहीत. त्यांनी शाकाहार सोडला नाही, गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत असे विचारले, आणि धर्मगुरूंच्या शब्दापेक्षा आपल्या विवेकाला अधिक मान दिला. पुढे 1893 मध्ये विधवा व मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेवर धर्मांतराचा आरोप झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हे सांगताना विरोधकांना खलनायक करू नये. त्यांना कशाची भीती वाटत होती हेही मुलांना सांगावे, कारण वर्गातल्या मुलांचे शाळेतले निम्मे मित्र त्याच घरांतले असतात.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. त्यात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची भर घालावीशी वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी मात्र 1900 मध्ये. मधल्या काळातला त्यांचा संताप, ताटातूट आणि पतीकडे परतल्यावरही चाललेले सोवळे-ओवळे त्यांनी इतक्या मोकळेपणाने लिहिले आहे, की मुले हसता हसता गप्प होतात. टिळकांचा तापट स्वभाव आणि हातातले पैसे कुणालाही देऊन टाकण्याची खोडही त्या लपवत नाहीत. संपूर्ण ग्रंथ या वयाला जड जाईल. निवडक प्रकरणे मोठ्याने वाचावीत. ही भाषा कानावर पडायलाच हवी.

उत्तर ३
कादंबरीविषयी थोडे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 चे आहे आणि विधवांच्या दुःखाचे चित्रण म्हणून मोलाचे आहे, पण त्याची भाषा व उपदेश मुलांना पेलणार नाहीत. आजच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत संवाद लेखकाचे असतात. म्हणून आधी चरित्र वाचावे, मग कादंबरी, आणि कोणता प्रसंग कल्पित आहे हे मुलांनाच शोधू द्यावे. माझ्या वर्गात एका मुलाने तारखांवरून असा एक प्रसंग पकडला आणि त्यानंतर तो चरित्रे स्वतःहून मागू लागला.

प्रश्नकर्तीकडून
सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी झेलमच्या काठापासून आरंभ करते. लक्ष्मीबाईंच्या रागाचे प्रकरण मात्र त्या मुलीलाच वाचायला देणार आहे.