मदत हवी आहे: टर्मिनलमधून उघडलं तर मराठी टंकता येतं, मेनूतून उघडलं की नाही

खटपट्या:
झुबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वर दिवाळी अंकाची पानं स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये लावतोय. मराठी टंकण्यासाठी एफसीआयटीएक्स ५ हा प्रोग्राम, त्यात इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड. नेटवर वाचून होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी या सेटिंग्जच्या फाइलच्या तळाशी तीन एक्स्पोर्ट (प्रोग्रामना व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेली सेटिंग, पोचवणाऱ्या ओळी) टाकले: जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स.

टर्मिनलमधून स्क्रायबस उघडलं तर मराठी झकास. मेनूतून उघडलं तर कंट्रोल-स्पेस कितीही दाबा, अक्षरं इंग्रजीच. ऑल्ट-एफ२ ने उघडूनही तेच. फायरफॉक्स मात्र कुठूनही उघडा, मराठी येतं. टर्मिनलमध्ये एको करून छापून पाहिलं तर तिन्ही व्हेरिएबल्स बरोबर दिसतात. मशीन रीस्टार्ट करून झालंय. कृपया पुन्हा इन्स्टॉल करायला सांगू नका, अंक छापखान्यात जायचाय.

कोकणी_पेंग्विन:
पुन्हा इन्स्टॉल करूनही काही फरक पडणार नाही. डॉट बॅशआरसी वाचतो तो टर्मिनलच्या खिडकीत बसलेला बॅश, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा शेल. मेनूवर क्लिक केल्यावर मध्ये बॅश येतच नाही. लाइटडीएम (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) सेशन सुरू करतो, सेशन पॅनेलला आणि पॅनेल स्क्रायबसला. प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) सुरू होताना आपल्या पालकाकडच्या, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडच्या, व्हेरिएबल्सची प्रत मिळते. पालकाकडेच नाही तर पोराला कुठून मिळणार?

खात्री करून घ्या. मेनूतून स्क्रायबस उघडा, पीग्रेप या आज्ञेने त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढा, मग प्रॉक या फोल्डरमध्ये त्या आकड्याच्या फोल्डरमधली एन्व्हायरन ही फाइल वाचा. सगळं एकाच ओळीत चिकटून दिसेल, टीआर ही आज्ञा वापरून ओळी पाडा.

खटपट्या:
पाहिलं. मेनूवाल्या स्क्रायबसकडे तिन्हींपैकी एकही नाही, टर्मिनलवाल्याकडे तिन्ही आहेत. पण एक कळत नाही. होम फोल्डरमधली डॉट प्रोफाइल ही फाइल उघडली तर तिच्यातच बॅशआरसी वाचायची सोय आहे. आणि लॉगिनला प्रोफाइल वाचली जाते म्हणतात. मग गाडी अडते कुठे?

जुना_हमाल:
दोन ठिकाणी अडते. लाइटडीएमची सेशन-स्क्रिप्ट प्रोफाइल वाचते खरी, पण ती चालते साध्या एसएचवर, म्हणजे उबुंटूत डॅश या बॅशहून साध्या शेलवर. प्रोफाइलमधली अट आधी बॅश_व्हर्जन आहे का ते बघते. डॅशमध्ये ते रिकामं, त्यामुळे बॅशआरसीपर्यंत कोणी जातच नाही. बरं, गेलं असतं तरी बॅशआरसीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की शेल इंटरॅक्टिव्ह (माणसाकडून थेट आज्ञा घेणारा) नसेल तर इथूनच परत फिरा. तुमचे एक्स्पोर्ट पडलेत तळाशी.

तीनही ओळी प्रोफाइलमध्ये हलवा, त्या अटीच्या बाहेर. दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे असले बॅशचे लाड तिथे चालत नाहीत, डॅशला ते समजत नाहीत. मग पूर्ण लॉग आउट करून परत या. नुसतं नवं टर्मिनल उघडून भागणार नाही, कारण चालू असलेल्या पॅनेलला बाहेरून नवी व्हेरिएबल्स देता येत नाहीत.

फक्त स्क्रायबसपुरतंच हवं असेल तर त्याची डेस्कटॉप फाइल (मेनूतल्या नोंदीची फाइल) स्वतःच्या लोकल-शेअर-अ‍ॅप्लिकेशन्समध्ये कॉपी करून एक्झेकच्या ओळीत (कोणती आज्ञा चालवायची ती ओळ) आधी एन्व्ह ही आज्ञा आणि व्हेरिएबल लिहिता येतं. मला ते आवडत नाही. वर्षभराने आपण काय केलं होतं ते आपल्यालाच आठवत नाही.

कोकणी_पेंग्विन:
डेबियन हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. तिथे लाइटडीएम प्रोफाइल वाचत नाही, ओळी डॉट एक्ससेशनआरसी या फाइलीत टाकाव्या लागतात. केडीई या डेस्कटॉपवर, वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये एफसीआयटीएक्स ५ निवडा, जीटीकेचं व्हेरिएबल सगळीकडे लावूच नका. आणि कोणी ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या एन्व्हायर्नमेंट फाइलचा सल्ला देईल. चालतं, पण ते मशीनवरच्या सगळ्यांना लागू होतं, शिवाय तिथे डॉलर-होम लिहिलं तर त्याच्या जागी होम फोल्डरचा पत्ता येत नाही.

खटपट्या:
प्रोफाइलमध्ये हलवलं, लॉग आउट केलं, मेनूतून स्क्रायबस उघडलं आणि पहिल्याच फटक्यात ‘अनुक्रमणिका’ टंकली! दोघांचे आभार. बॅशआरसीतल्या ओळी काढून टाकल्या.

याच मशीनवर बायकोचं वेगळं लॉगिन आहे, मुद्रितशोधन ती करते. तिथे हे आपोआप लागू होईल का?

जुना_हमाल:
नाही. प्रोफाइल ज्याची त्याची. वहिनींच्या लॉगिनमध्ये जाऊन त्याच तीन ओळी टाका, आणि त्यांची स्क्रायबसची फाइल सेव्ह करून मगच लॉग आउट करा.