मार्चअखेरीस नळपाणी योजना ताब्यात घेण्याची सही करू की नको?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावची मी सरपंच, पहिलीच टर्म. गावाचं नाव लिहीत नाही. कुणाला उघडं पाडायचं नाहीये, मला एका सहीबद्दल विचारायचंय आणि निर्णय दहा दिवसांत घ्यायचाय.

आमच्या गावात सात वाड्या. चार खाली नदीकाठी, दोन मधल्या टप्प्यावर आणि एक, म्हणजे आमची, सड्यावर, वरच्या जांभ्याच्या पठारावर. लोकसंख्या बाराशेच्या आसपास. जल जीवन मिशनमधून योजना मंजूर झाली. माणशी रोज ५५ लिटर धरले तर गावाला ६६ हजार लिटर लागतात. नदीकाठी विहीर, तिथून पंपाने सड्यावरच्या ५० हजार लिटरच्या टाकीत, आणि टाकीतून उताराने सगळ्या वाड्यांना. आखणी मला तेव्हाही पटली होती, आजही पटते.

कामाला मात्र तीन वर्षं लागली. मंजुरी आली भर पावसाळ्यात. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा असं करत कार्यारंभ आदेश हातात पडला तो फेब्रुवारीत. सड्यावर जाणारा चर जांभ्यातून खोदायचा होता. तो मे संपेपर्यंत अर्धाच झाला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाने भराव धुऊन नेला. पाइप उघडे पडले. पुढे गणपतीपर्यंत काम बंद. टाकीच्या जागेच्या सातबाऱ्यावर ४१ नावं, त्यातली नऊ माणसं वारलेली आणि वारसनोंद कुणी केलेली नाही. त्यात अकरा महिने गेले.

जानेवारीपासून नळाला पाणी येतंय. पहिल्या दिवशी सासूबाई नळापाशी नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. मी चौदा वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हा मे महिन्यात त्या पहाटे तीनला सड्याखालच्या झऱ्यावर हंडे लावून बसायच्या. रांगेतून दोन हंडे भरायला दोन तास. लग्नानंतरचा माझा पहिला उन्हाळा त्या रांगेत गेला, आणि सरपंचपदाचा अर्ज भरला तो त्या रांगेसाठीच.

आता निरोप आलाय की २५ मार्चच्या आत योजना ग्रामपंचायतीने ताब्यात घेतल्याचं प्रमाणपत्र द्या, म्हणजे अंतिम देयक याच वर्षात निघेल. "मार्च गेला की पैसा परत जाईल, मग तुमचीच योजना लटकेल," असं सांगितलं गेलं.

माझी अडचण विहिरीची आहे. कागदपत्रं चाळली तर विहिरीची क्षमता चाचणी नोव्हेंबरात घेतल्याची नोंद. नोव्हेंबरात आमच्या नदीला कमरेएवढं पाणी असतं. खालच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्या मला वेगवेगळ्या भेटून एकच सांगून गेल्या, तिथला कोंड, म्हणजे नदीतला डोह, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आटतो. विहीर त्या कोंडापासून वीस पावलांवर आहे.

सही केली तर वीजबिल, दुरुस्ती आणि मे महिना, सगळं ग्रामपंचायतीच्या अंगावर. नाही केली तर गावात म्हणतील की सरपंचाने पैसे अडवले. ठेकेदाराच्या माणसांची मजुरी थकलीय, तेही मला दिसतंय. ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी कृपया सांगा.

---

जुना शाखा अभियंता

सरपंचताई, आज सही करू नका.

मी ३१ वर्षं नोकरी केली, जवळजवळ सगळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. नव्वदच्या दशकात अशाच एका मार्चमध्ये मी एका योजनेचा पूर्णत्वाचा दाखला दिला. विहीर भरलेली होती, पंप चालत होता, वरून फोनावर फोन येत होते. १६ मेला त्या गावच्या बायका रिकामे हंडे घेऊन माझ्या टेबलासमोर बसल्या. ओरडल्या नाहीत, बसून राहिल्या. दाखल्यावरची सही माझी होती. पुढची दोन वर्षं त्या गावाला टँकर गेला आणि कागदोपत्री ते "योजना पूर्ण" गाव असल्यामुळे टँकर मंजूर करून घ्यायलाही भांडावं लागलं. ते गाव मी विसरलेलो नाही.

कोकणात शासनाचं वर्ष आणि पावसाचं वर्ष एकमेकांना छेदतात. पैसा सुटतो जानेवारी-फेब्रुवारीत, हिशेब बंद होतो ३१ मार्चला, पाऊस येतो जूनमध्ये. खरं काम करायला ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, त्यातले पहिले चार कागदांत जातात. आणि पाण्याची खरी परीक्षा असते मेमध्ये, म्हणजे बिल निघून गेल्यावर दोन महिन्यांनी. तुमच्या विहिरीची चाचणी नोव्हेंबरात झाली, कारण नोव्हेंबरात ती उत्तीर्ण होते.

आता काय करायचं ते. विहिरीचा व्यास मोजा. सहा मीटर असेल तर आतल्या पाण्याची एक मीटर उंची म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. गावाला ६६ हजार हवेत, म्हणजे उपसलेली विहीर चोवीस तासांत साधारण २.३ मीटर पुन्हा भरली पाहिजे. एप्रिलच्या शेवटी एकदा आणि मेच्या मध्यावर एकदा पंप लावून पाणी खाली घ्या, टेपने मोजा, पंप बंद करा आणि दर दोन तासांनी पातळी लिहा. शाखा अभियंत्याला लेखी बोलवा. आले नाहीत तर ग्रामसेवक आणि पाच ग्रामस्थांच्या सह्यांनी पंचनामा करा. हा एक कागद हातात असला की तुमच्याशी बोलण्याची भाषा बदलते.

"पैसा परत जाईल" याला घाबरू नका. अपूर्ण कामाचं दायित्व पुढच्या वर्षात ओढलं जातं, हे दरवर्षी होतं. आणि मिशनचं घरोघरी नळ देण्याचं मूळ लक्ष्य २०२४ होतं, ते २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवलंय. हा मार्च शेवटचा नाही.

कोकणात कामं वेळेत होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्याच मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. अभियंते तेच, जांभा तोच, पाऊस तोच. पुलाला पैसा तयार होता, जागेचा वाद नव्हता आणि निर्णय कुणी घ्यायचा हे ठरलेलं होतं. कोकण रेल्वेचंही तसंच. १९९० साली महामंडळ झालं, त्याचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता बसवला आणि निर्णय जागेवर व्हायला लागले. १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी धावली. तुमच्या योजनेत मात्र टाकी एक हात इकडे सरकवायची तरी फाइल तीन टेबलं फिरते. गावपातळीच्या कामात निर्णयाचा अधिकार गावाच्या जवळ आणल्याशिवाय हे सुटणार नाही, हे मी नोकरीत असतानाही लिहून दिलं होतं.

---

लांज्याचा ठेकेदार

काका बरोबर बोलतायत, पण आमची बाजूही मांडतो. तुमचं काम माझं नाही, तरी अशी चार केली आहेत.

विहिरीची जागा ठेकेदार ठरवत नाही. नकाशावर जिथे खूण असते तिथे आम्ही खोदतो. अंदाजपत्रकात मुरूम धरलेला असतो, खोदायला गेलं की जांभा लागतो, तोही कातळासारखा. जादा बाब मंजूर व्हायला वर्ष जातं. निविदा मिळवायला अंदाजपत्रकापेक्षा कमी दर भरलेला असतो, ही आमची चूक, मान्य आहे. पण बिलं महिनोन्‌महिने अडकली की बायकोचे दागिने बँकेत जातात. मजूर होळीला गावी गेले की परत येतील याचा भरवसा नाही, कारण मागची मजुरीच दिलेली नसते.

म्हणून ताईंना विनंती. पूर्ण बिल अडवू नका. टाकी, पाइपलाइन, नळजोडण्या यांची मोजमापं पुस्तिकेत घेऊ द्या आणि तेवढे पैसे निघू द्या. विहीर आणि अंतिम हस्तांतरण मेपर्यंत राखून ठेवा. चांगला ठेकेदार याला नाही म्हणणार नाही. आणि उघडे पडलेले पाइप एप्रिलमध्येच पुरून घ्या. जूनमध्ये कुणी येणार नाही, मीसुद्धा येणार नाही.

---

दिवा ते दाभोळ

मी मुंबईकर चाकरमानी. ४१ नावांचं वाचलं आणि आमच्या गावची टाकी आठवली. आमच्यात ३३ हिस्सेदार होते. गौरी-गणपतीच्या पाच दिवसांत घरोघरी फिरून २४ सह्या मिळाल्या. उरलेल्या नालासोपारा, दिवा आणि घाटकोपरला तीन रविवार फिरून घेतल्या. लोक जागा द्यायला तयार असतात. त्यांना कुणी येऊन विचारत नाही, थेट नोटीस येते, तिथे मन दुखावतं.

फक्त एक बघा. तुमच्याकडे नुसतं संमतीपत्र असेल तर ते पुरेसं धरू नका. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लावून घ्या. आमच्याकडे एका काकांनी सही दिली, ते वारले, आणि मुलाने टाकीच्या वाटेला दगडी गडगा घातला. व्हॉल्व्ह सोडायला माणूस जाऊ शकेना.

---

कुडाळची बाय

बाय, सही करूच्या आधी पान्याचे पैसे कोण देतलो ता ठरव. आमच्या वाडीत नळ इलो तेव्हा सगळे खूश. मगे लाइटबिल थकला, जोडणी तोडली, नि पंप दोन म्हयने बंद. आता बचत गटाच्या बायका पानीपट्टी जमा करतत, दर म्हयन्याच्या धा तारखेक. जो पैसे देना नाय तेचा नाव फळ्यार लिवतत. व्हॉल्व सोडनाऱ्या माणसाक पगार वेळेर गावता, म्हणान पाणीव वेळेर येता.

---

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. मे महिना उलटायच्या आत लिहायचं ठरवलं होतं.

२३ मार्चला विशेष ग्रामसभा घेतली. काकांचा हिशेब मी फळ्यावर खडूने मांडला. आमच्या विहिरीचा व्यासही सहा मीटरच निघाला. लांज्याच्या दादांनी सांगितलं तसाच ठराव केला: टाकी, वाहिनी आणि जोडण्यांची मोजमापं घ्यावीत, विहिरीची उन्हाळी चाचणी होईपर्यंत हस्तांतरण नाही. दोन दिवस बरीच बोलणी खाल्ली. पण ठेकेदार स्वतः येऊन बसला, त्याचं त्या बाबींचं बिल पुढे गेलं, आणि एप्रिलमध्ये त्याने सड्याचा चर पुन्हा खोलवर करून पाइप पुरले.

२६ एप्रिलची चाचणी: चोवीस तासांत १.७ मीटर. १७ मेची: ०.९ मीटर. म्हणजे जेमतेम २५ हजार लिटर. शाखा अभियंता दोन्ही वेळा हजर होते, रात्री टॉर्च धरून पातळी मोजायलाही थांबले. पंचनाम्यावर त्यांची सही आहे. दोन्ही म्हाताऱ्या विहिरीवर आल्या होत्या.

सध्या पाणी एक दिवसाआड सोडतोय, एका वेळी चार वाड्या. टँकर यंदा लागलेला नाही. पाणीपट्टी गोळा करायचं काम बचत गटाने अंगावर घेतलंय, कुडाळच्या ताईंचं वाचूनच.

आता पुढचं. सड्याखालचा तो झरा, जिथे सासूबाई बसायच्या, तो मेमध्येही बंद पडत नाही. जांभ्याखालच्या चिकणमातीवरून पाणी तिथे बाहेर येतं, असं अभियंता म्हणाले. मी तीन दिवस रात्रंदिवस हंडे मोजले, दिवसाला साधारण सहा हजार लिटर भरतं. ते साठवून मधल्या दोन वाड्यांना पंपाशिवाय उताराने देता येईल. विहिरीचा भार तेवढा कमी होईल, बाकी तूट विहीर खोल करून भरायची. त्याचा सुधारित प्रस्ताव पाठवतोय. झऱ्याची जागा सतरा हिस्सेदारांची आहे, त्यांची यादी आणि मुंबईचे पत्ते काढून ठेवलेत, गणपतीत प्रत्येकाच्या घरी जाणार आहे.

जांभ्याखालच्या झऱ्याला साठवण टाकी बांधताना मूळ तोंड बुजू नये म्हणून काय करायचं? आमच्याकडे एकाने सिमेंटने सगळं बंद केलं आणि पाणी दहा फूट बाजूला फुटलं. काका, तुम्ही असं काम केलंय का? पावसाआधी जागेवर खुणा करून घ्यायच्या आहेत.

---

जुना शाखा अभियंता

केलंय, तीन ठिकाणी. तोंडाला सिमेंट अजिबात लावायचं नाही. आधी मोठे दगड, मग लहान, मग गिट्टी असा थर, त्याच्या पुढे भिंत, आणि भिंतीत पाण्याचा पाइप झऱ्याच्या पातळीपेक्षा थोडा खालीच ठेवायचा. पाणी तुंबून वर चढलं की ते दुसरी वाट शोधतं, तुमच्याकडे तेच झालंय. वरच्या अंगाला पावसाळी पाणी वळवायला चर हवा, नाहीतर गढूळ पाणी आत शिरेल. झऱ्याच्या वरच्या सड्यावर चिरेखाण होऊ देऊ नका, त्याचा ठराव आत्ताच करून ठेवा. मी रविवारी देवरुखला येतोय. सकाळी आठला झऱ्यावर भेटू, टेप आणि खुंट्या आणा.