वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन, आधारवरचं चुकीचं वय आणि खर्च – मदत हवी आहे (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. जरा लांबलंय, पण अर्धवट माहिती दिली की सल्लेही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहितो.

आम्ही अशोक चौकाच्या अलीकडे राहतो. अप्पांनी सगळी उमर यंत्रमागावर काढली, टॉवेलच्या कारखान्यात. आता घरीच असतात. पेन्शन येते ती हजाराच्या आसपास. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. मागाच्या खडखडाटानं दोन्ही कान अधू झालेत.

वर्षभरापासून रात्री चार-पाच वेळा उठतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. यातलं त्यांनी एक अक्षर सांगितलेलं नाही, सगळं आईकडून कळलं. त्यांनी स्वतःच इलाज शोधला होता: पाणीच प्यायचं नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहे. बेचाळीस डिग्रीत हा माणूस दिवसभर तांब्याभर पाण्यावर. कुणाच्या लग्नाला निघाले की तेही बंद, "तिथं कुठं शोधत बसू" म्हणून. शेवटी जळजळ, थंडी वाजून ताप, आणि मग दवाखाना.

सोनोग्राफीत प्रोस्टेट ५८ ग्रॅम, लघवी करून आल्यावर पिशवीत १४० मिली शिल्लक. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ५.२, पण ते रक्त त्या तापातच घेतलं होतं. टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची एकत्र गोळी लिहून दिली आहे. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने बघू, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. खासगीत लेसरनं करायचं तर लाखाच्या घरात जाईल.

खर्चासाठी सत्तरीवरच्यांना मोफत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायला गेलो, तर आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९५८! शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकली असेल ती टाकली असेल. ७२ च्या दुष्काळात अप्पा खडी फोडायला जात होते आणि त्यांना मिसरूड फुटलं होतं, असं आजी सांगायची. म्हणजे खरं वय सत्तरच्या पुढे, कागदावर मात्र सत्तरी गाठायला अवकाश. आधार दुरुस्त करत बसावं का? की घाईनं एखादा खासगी विमा उतरवावा?

आणि खरी अडचण वेगळीच आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की, "मला काय झालंय? वय झालं की असंच असतंय. गप बस बे." ओपीडीत ऐकू येत नाही म्हणून डॉक्टर मोठ्यानं विचारत होते, "आजोबा, लघवी थेंबथेंब होते का?" बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तेव्हापासून दवाखान्याचं नावच नको झालंय. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कसं समजावलंत?

माळरान

गोखरूचा काढा द्या सकाळ-संध्याकाळ. आमच्या मामांना फरक पडला होता.

गोळीवाला

माळरान भाऊ, काढ्याला माझा राग नाही, पण पिशवीत १४० मिली उरतंय आणि एकदा इन्फेक्शन होऊन गेलंय. इथं काढ्यावर विसंबून चालणार नाही.

पूर्वभागकर, माझं मेडिकल दुकान आहे, डॉक्टर नाही, त्या हिशेबानं वाचा. टॅम्सुलोसिन बीपीच्या गोळीबरोबर असलं की रात्री उठताना चक्कर येऊ शकते. अप्पांना आधी पलंगावर दोन मिनिटं बसू द्या, मग उभं राहू द्या. वाटेतला दिवा चालू ठेवा. म्हातारपणी लघवीला उठताना पडून खुबा मोडलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत, मग प्रोस्टेटचा खर्च बाजूलाच राहतो. पुढंमागं मोतीबिंदू काढायचा असेल तर ही गोळी चालू आहे किंवा होती हे डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही.

सर्दीच्या गोळ्या परस्पर देऊ नका. त्यातल्या काही औषधांनी लघवी साफ अडते. दर थंडीत असा एखादा आजोबा नळी घालायला जातोच.

पीएसए तापात केलेलं असेल तर त्या आकड्यानं झोप उडवून घेऊ नका. इन्फेक्शनमध्ये तो वाढतो, प्रोस्टेट मोठं असलं तरी वाढतो. काही आठवड्यांनी पुन्हा करायचा का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. ड्युटास्टेराइड सहा महिने घेतल्यावर पीएसए साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे पुढं २.५ आला तरी 'नॉर्मल' म्हणून मोकळं होऊ नका. गोळी कधी सुरू केली ती तारीख फाईलवर लिहून ठेवा.

पाणी तोडायचं नाही. दिवसा पोटभर प्यायचं, संध्याकाळी सातनंतर कमी, रात्रीचा चहा बंद. ही गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते, तेव्हा डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या. माझ्या धंद्याविरुद्ध बोलतोय, पण फरक खूप पडतो.

जुळे_सोलापूरकर

आधारच्या मागे आत्ता लागू नका. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते आणि पक्का पुरावा लागतो. आजीची आठवण तिथं चालत नाही 🙂 शिवाय पेन्शनच्या कागदांवर १९५८ असेल तर तिकडं नवाच घोळ.

तुम्हाला वय वंदना कार्डाची गरजच नाही. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला (मोफत उपचाराची) वयाची अट नाही. पूर्वी पिवळं-केशरी रेशनकार्ड बघायचे, आता पांढऱ्या कार्डालाही चालते. जुलै २०२४ पासून मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली आहे, वर्षाला, सगळ्या कुटुंबाला मिळून. रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) भेटा. तीन गोष्टी तोंडावर विचारा: तुमच्या दवाखान्यात युरोलॉजी (लघवीच्या आजारांचा विभाग) या योजनेत आहे का, कुठल्या पद्धतीचं ऑपरेशन मंजूर होतं, आणि आम्हाला वेगळे पैसे भरावे लागतील का. लेसरच हवं म्हटलं की काही ठिकाणी वरचे पैसे मागतात, तेव्हा मान डोलवायच्या आधी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन करा. खासगीत जमलं नाही तर सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत फाईल दाखवा, सकाळी लवकर जा.

मात्र रोजच्या गोळ्या आणि अधूनमधूनच्या तपासण्यांचा खर्च यात धरू नका. भरती झाल्यावरच योजना लागते.

खासगी विम्याचं म्हणाल तर या ऑपरेशनसाठी उपयोग शून्य. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात, आणि आजार लपवून फॉर्म भरला तर क्लेम नाकारायला कारण त्यांच्या हातात आयतं.

निवृत्त_मास्तर

माझं टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन, झालंय, म्हणून लिहितो. घरात मुलांशी हे बोललो नव्हतो, इथं टोपणनावानं सोपं जातंय.

तुमचे अप्पा फक्त खर्चाला आणि लाजेला भीत असतील असं वाटत नाही. मला एकच धास्ती होती आणि ती कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती: ऑपरेशननंतर आपण पुरुष राहतो की नाही. हे मनातून जात नाही, वय काही का असेना. शेवटी सर्जनना एकटं गाठून विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: ताठरता बहुतेकांची पूर्वीसारखीच राहते, पण वीर्य बाहेर न येता मागं पिशवीत जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. त्रास काही नाही, पण आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. प्रत्यक्षात तसंच झालं.

कमरेत इंजेक्शन देऊन करतात, दुखलं नाही. नळी दोन-तीन दिवस होती, तीच काय ती कटकट. घरी आल्यावर मध्येच लघवी लाल व्हायची, त्याची कल्पना त्यांनी दिलेली होती. महिनाभर जड उचललं नाही, गाडी चालवली नाही. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात, त्याचा रिपोर्ट मागून घ्या.

अप्पांना तुम्ही मुलानं नका समजावू. त्यांच्या वयाचा, ऑपरेशन झालेला एखादा जुना कारखानदोस्त गाठा आणि दोघांना कट्ट्यावर चहाला बसवून तुम्ही तिथून निघून जा. आणि पुढच्या वेळी ओपीडीत वहीवर प्रश्न लिहून न्या, म्हणजे डॉक्टरांना ओरडावं लागणार नाही.

गोळीवाला

मास्तर, 👏. एक राहिलं: लघवी पूर्ण अडली, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा पुन्हा थंडी-ताप आला, तर योजना-बिजना बघत बसू नका. रात्र असली तरी आधी दवाखाना.

पूर्वभागकर

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुम्ही लिहिलंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अप्पांबरोबर मागावर असलेले एक काका आहेत, त्यांचं असंच ऑपरेशन झाल्याचं आईला माहीत होतं. रविवारी त्यांना बोलावतोय, मी घरात थांबणार नाही.

जुळे_सोलापूरकर, अजून एक. रेशनकार्डावर अप्पांचं आडनाव आधी आहे आणि स्पेलिंगही वेगळं, आधारवर नाव आधी. आमच्याकडे तेलुगू पद्धतीमुळे निम्म्या गल्लीचं असंच आहे. एवढ्यावरून योजनेत अडवतात का?

जुळे_सोलापूरकर

कधी अडवतात, कधी नाही. भरती व्हायच्या दिवशी कळण्यापेक्षा दोन्ही कागद घेऊन आरोग्यमित्राला आत्ताच दाखवा. तो नको म्हणाला तर पुरवठा कार्यालयात रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायला टाका, आधारला हात लावू नका.