फ्रान्समधील जेवणाच्या वेळा आणि घरगुती आमंत्रण

प्रश्न (नवागत):
कार्यालयीन कामानिमित्त मी सध्या लियाँ येथे राहतो. दुपारी तीन वाजता उपाहारगृहात गेल्यास स्वयंपाकघर बंद झाल्याचे सांगतात आणि संध्याकाळी सातच्या आधीही तेच ऐकावे लागते. या वेळा इतक्या काटेकोर का आहेत? शिवाय एका सहकाऱ्याने रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावले आहे. मी शाकाहारी असून मद्य घेत नाही. तेथे काय पाळावे?

उत्तर (खवय्या):
फ्रान्समध्ये बहुतेक लोक साधारण बारा ते दोन या वेळेतच जेवतात, त्यामुळे अनेक उपाहारगृहांचे आचारी दुपारची पंगत उठली की निघून जातात आणि थेट रात्रीच्या तयारीलाच परत येतात. अवेळी भूक लागल्यास ब्रासरी शोधावी. तेथे बरेचदा दिवसभर गरम जेवण मिळते. जेवणाच्या सुट्टीला तेथे किती महत्त्व आहे, हे कामगार कायद्यावरूनही दिसते: कामाच्या जागी बसून जेवू देण्यास त्यात मनाई आहे आणि कोविडच्या काळात, २०२१मध्ये, ती तात्पुरती शिथिल करावी लागली होती. फ्रेंच लोकांच्या समारंभी भोजनाची युनेस्कोने २०१०मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली, तीही एखाद्या पदार्थासाठी नव्हे, तर एकत्र बसण्याच्या आणि ठरलेल्या क्रमाने वाढण्याच्या प्रथेसाठी.

उत्तर (पाहुणचार):
आमंत्रणाविषयी लिहिते. शाकाहारी असल्याचे आजच कळवावे, कारण मुख्य पदार्थ बहुधा मांसाचा किंवा माशांचा असतो आणि यजमानांना ऐनवेळी पर्याय करता येत नाही. दिलेल्या वेळेनंतर दहा-पंधरा मिनिटांनी पोहोचावे. आधी जाणे मात्र अडचणीचे ठरते. फुले न्यायची असल्यास शेवंती टाळावी, कारण नोव्हेंबरच्या आरंभी ती थडग्यांवर वाहतात. सुरुवातीच्या आपेरितिफला, म्हणजे जेवणाआधीच्या पेयपानाला, फळांचा रस मागण्यात कोणताही संकोच नको.

यजमानीणबाईंनी सुरुवात केल्याशिवाय खाऊ नये. दोन्ही हात टेबलाच्या वर दिसतील असे ठेवावेत. ते मांडीवर ठेवणे तेथे शिष्टसंमत नाही. पाव बहुधा ताटलीत नव्हे, तर तिच्या शेजारी टेबलक्लॉथवरच ठेवतात आणि सुरीने न कापता हाताने तोडून खातात. मुख्य पदार्थानंतर चीज, त्यानंतर गोड आणि सर्वांत शेवटी कॉफी, असा क्रम असतो. चीज एकदाच घ्यावे, आणि ब्रीसारख्या त्रिकोणी तुकड्याचे टोक आडवे कापून नेऊ नये, कारण सर्वांत चविष्ट भाग तोच असतो. रविवारचे जेवण चार वाजेपर्यंत लांबू शकते, म्हणून त्या दुपारी दुसरे काम ठेवू नये.

उत्तर (हिशेबी):
बाहेर जेवताना बिल मागितल्याशिवाय येत नाही; ते न आणणे हा दुर्लक्षाचा नव्हे, तर सौजन्याचा भाग आहे. सेवाशुल्क छापील दरातच धरलेले असते, त्यामुळे वर काही ठेवणे ऐच्छिक आहे. जेवणासोबत नळाच्या पाण्याची सुरई विनामूल्य मिळते. केवळ ‘पाणी’ म्हटल्यास बाटली येऊन तिचे पैसे पडू शकतात.

उत्तर (पाहुणचार):
चीजबाबत एक गोष्ट राहिली. रोकफोर, कोंते यांसारखी पारंपरिक चीज प्राणिज रेनेटने, म्हणजे कोकराच्या किंवा वासराच्या जठरातील द्रव्याने दूध विरजून करतात. आपण ते वर्ज्य मानत असाल, तर शाकाहारी असल्याचे कळवतानाच तेही सांगावे, कारण फ्रान्समधील अनेक शाकाहारी मंडळी चीज बिनदिक्कत खातात आणि यजमानांच्या ते लक्षात येणार नाही.