मावशीला कोर्टाचं समन्स आलंय, वकील परवडत नाही, काय करू?

भाचा_एकुलता:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझ्या मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, काका गेले आणि आता दिराने घराच्या वाटणीचा दावा लावलाय. आधी हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागे लागला होता, हिने केली नाही म्हणून हे. एका वकिलांकडे गेलो तर कागद न बघताच फी सांगितली, ती झेपणारी नाही, आणि सगळं माझ्याशीच बोलत होते, मावशीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सरकारी फुकट वकील फक्त बीपीएलवाल्यांनाच मिळतो ना? मावशीला पेन्शन आहे.

जुनी_फाईल:
नाही हो, हाच गैरसमज सगळ्यांचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम १२ बघा, बाई आहे एवढ्यावरच मावशी बसते, दिव्यांग हे वेगळं कारण, दोन्हीला उत्पन्नाची अट नाही. पेन्शन असू दे. जिल्हा कोर्टात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती, तिथे साधा अर्ज द्यायचा, सोबत समन्स, आधार, दिव्यांग प्रमाणपत्र. वकील तर मिळतोच, कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही तेच बघतात. जायच्या आधी फोन करायचा तर १५१००. पण समन्स हातात कधी पडलं? ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्ट फार तर ९० पर्यंत वाढवून देतं. बाकी सगळं नंतर.

कंटाळलेला_पक्षकार:
मिळतो खरा, पण आमचा वकील दोन तारखांना फिरकलाच नाही आणि वर खर्चापाण्याचं बघा म्हणाला. फुकटचं ते फुकटचंच.

जुनी_फाईल:
तुम्ही दिले की काय? त्यांना मानधन प्राधिकरण देतं, पक्षकाराकडून एक पैसा घ्यायचा नसतो. सचिवांकडे लेखी तक्रार टाका, ते स्वतः न्यायाधीश असतात, वकील बदलून मिळतो.

हाताची_भाषा:
मी कर्णबधिर मुलांना शिकवते म्हणून एक सांगते. अर्जातच लिहा की सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात न्याय मिळवताना लागणाऱ्या मदतीचं कलम आहे, त्याचा उल्लेख करा. लिहून दाखवलं की झालं असं लोकांना वाटतं पण खूप जणांना कोर्टाचं मराठी वाचून कळत नाही (आपल्याला तरी कुठे कळतं). आणि मावशी घरातल्याच खुणा वापरत असतील तर दुभाष्यालाही पहिल्यांदा जड जाईल, तेव्हा पहिल्या भेटीला तुम्ही सोबत बसा. कोर्टात मात्र तुम्ही दुभाषा होऊ नका दादा, समोरचा वकील लगेच म्हणणार की भाचाच बोलतोय.

भाचा_एकुलता:
बापरे, १९ दिवस झालेत. उद्या सकाळीच जातो. दीर म्हणतोय लोकअदालतीत मिटवू, तेही फुकट असतं म्हणे?

जुनी_फाईल:
फुकट असतं आणि चांगलंही असतं, पण दोघांची मर्जी असेल तरच. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे आधी वकील, मग लोकअदालत, आणि तोवर दिराने आणलेल्या कुठल्याच कागदावर सही नको, कोऱ्यावर तर नकोच नको.