हसताना हिरड्या दिसतात. लेसर करून घ्यावं का? तीन डॉक्टर, तीन मतं (इंदूर)

पोहेजिलेबी :
नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय आईच्या भाषेत 'नसते चोचले' आहे. हसायचं तर हसा, पण सल्ला द्या.

वय २८, इंदूरला बँकेत आहे. हसले की माझ्या दातांच्या वर हिरड्यांची ही रुंद गुलाबी पट्टी दिसते. दात सरळ आहेत, किडके नाहीत, पण आखूड आणि चौकोनी. दुधाचे अजून पडलेच नाहीत की काय असं वाटावं. कॉलेजपासून हसताना हात तोंडावर जातो, आता तर माझ्याही नकळत जातो. गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या केळवणाचे फोटो आले. सगळ्यांत मी एकतर ओठ मिटून, नाहीतर ओढणीआड. एकातच मनापासून हसलेय आणि तोच मी ग्रुपवरून काढायला लावला. माझं लग्न मार्गशीर्षात आहे, म्हणजे हातात पाचेक महिने.

पहिलं क्लिनिक एकदम चकचकीत. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो काढला, त्यातच दात लांब करून दाखवले आणि म्हणाले, "लेसर, पाऊण तास, टाके नाहीत, सोमवारी ऑफिस." तोंडात आरसासुद्धा घातला नाही. रिसेप्शनवर मात्र 'ऑफर शनिवारपर्यंत' असं दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या डॉक्टर हिरड्यांच्याच, पेरिओडॉन्टिस्ट. त्यांनी खुणा केलेली बारीक बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून एकेका दाताला सहा-सहा ठिकाणी मोजलं. त्या "दोन, दोन, तीन" म्हणत होत्या, असिस्टंट लिहून घेत होती आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून. पुढचा दात ८ मिमी उंच, ८.५ मिमी रुंद निघाला. म्हणाल्या, "हा दात साधारण १० ते ११ मिमी असतो. तुझा आखूड नाहीये, झाकलेला आहे." पण नुसती हिरडी कापली तर परत खाली येईल, थोडं हाडही घासावं लागेल असं वाटतंय, आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, काढून आण.

तिसरे तारवाले, म्हणजे तारा लावून दात सरळ करणारे. त्यांचं म्हणणं, वरचा जबडाच लांब आहे. खरा इलाज जबड्याचं ऑपरेशन, नाहीतर ओठाला बोटॉक्स.

हाड घासायचं म्हटल्यावर माझी झोप उडालीय. कुणाचं ऐकू?

राजवाडा_भिया :
ताई, शनिवारची ऑफर साडीला ठीक, तोंडाला नको. बाकी जाणकार सांगतीलच.

मुळा_मुठा :
मी २०१९ मध्ये पुण्यात फक्त लेसर करून घेतलं. महिनाभर छान दिसत होतं, दर रविवारी सेल्फी. वर्षभरात हिरडी होती तिथेच परत. पुन्हा गेले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तेव्हा हाड मोजलं होतं का?" नव्हतं मोजलं.

दंतकथा :
मी दंतवैद्य आहे, हिरड्यांचीच एमडीएस, नाशिकला. न तपासता निदान करत नाही, पण एवढं सांगते.

हिरडीच्या कडेपासून आतल्या हाडापर्यंत शरीराला साधारण ३ मिमी जागा लागते. त्यातल्या सुमारे २ मिमीत हिरडी दाताला चिकटलेली असते. कापल्यावर ही जागा उरणार असेल तर नुसती हिरडी कापून भागतं. हाड दाताच्या इनॅमलच्या काठाला येऊन भिडलं असेल तर ती जागा उरत नाही. मग हिरडी एकतर लाल, सुजलेली राहते, नाहीतर पुन्हा चढते. मुळा_मुठा यांचं तसंच झालं असावं. म्हणून हाड मोजल्याशिवाय ठरवायचंच नाही, सीबीसीटीवर किंवा बधीर करून सळईने.

लेसर म्हणजे शेवटी सुरीच. रक्त कमी येतं एवढंच. बहुतेक क्लिनिकमध्ये असतो तो डायोड लेसर, त्याने हाड कापत नाहीत.

जबड्याचं म्हणाल तर घरी एक बघा. आरशासमोर ओठ सैल सोडून 'मम्मा' म्हणा आणि तसंच थांबा. तेव्हा वरचे दात ३-४ मिमीच दिसत असतील तर जबडा फारसा दोषी नाही. सात-आठ मिमी दिसत असतील तर तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. बोटॉक्स साधारण तीन-चार महिने टिकतो. आखूड दात त्याने लांब होत नाहीत, ओठ कमी उचलला जातो.

आणि दिवाळीपर्यंत थांबू नका. वरवरची जखम दोन आठवड्यांत भरते, पण हाड घासलं तर हिरडीची कड स्थिरावायला तीन महिने तरी द्यावे लागतात, पुढच्या दातांना कधी सहाही.

पेन्शनर_पळशीकर_कॉलनी :
थोडं अवांतर. माझ्या हिरड्या साठीनंतर अशाच फुगल्या. बीपीची अॅम्लोडिपिन चालू होती, त्याने काहींच्या हिरड्या वाढतात. फिजिशियननी गोळी बदलली, दात साफ करून घेतले, बऱ्याच उतरल्या. मुलीला काही औषधं चालू आहेत का? फिटच्या काही गोळ्यांनीही होतं. आणि दुसरं मत हवं तर एमवाय हॉस्पिटलसमोरचं सरकारी डेंटल कॉलेज आहेच. सकाळी लवकर जावं, रांग असते.

पोहेजिलेबी :
काका, औषध कुठलंही नाही. आजीचंही हसू असंच होतं, भिंतीवरच्या फोटोत दिसतं.

अपडेट. 'मम्मा' केलं, तीनच मिमी! सीबीसीटीत हाड अगदी इनॅमलच्या काठाशी निघालं, म्हणजे दुसऱ्या डॉक्टर बरोबर होत्या. त्यांनी आधी हिरडीवर दाताच्या रंगाचं मटेरियल नुसतं बसवून दात लांब झाल्यावर कसे दिसतील ते दाखवलं. दहा मिनिटांचा खेळ, नंतर काढून टाकतात. आई सोबत होती. मी हसले. ती बघतच राहिली आणि म्हणाली, "चांगलं दिसतंय गं. पण आजीसारखी नाही दिसत आता."

रिक्षात दोघी गप्प होतो. पलासियाला सिग्नलवर तीच म्हणाली, "करून घे. आजीही फोटोत पदर धरायचीच."

पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय, वरचे सहा दात. आता एकच प्रश्न, पोह्यांवरची शेव किती दिवस बंद?

दंतकथा :
निदान दोन आठवडे. पोहे मऊ आणि कोमट. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, टाके निघेपर्यंत तिथे ब्रशही नाही, फक्त क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या. त्याने दात तपकिरी दिसायला लागले तर घाबरू नका, साफ केल्यावर जातं. सुरुवातीला गार पाणी सणकेल. आणि टाके असेपर्यंत ओठ वर करून आरशात बघत बसू नका, सगळे तेच करतात.

राजवाडा_भिया :
शेवेशिवाय दोन आठवडे, तेही इंदूरमध्ये. ताई, हाड घासणं सोपं आहे हो.