२० मीटरचं झाड तरी झुडूपच दिसतंय

अर्धा_रेंडर:
ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) डोंगरउताराचा सीन करतोय. तीन रात्री गेल्या, आता डोकं चालेनासं झालंय. झाड बरोब्बर २० मीटर आहे (मापं दाखवणाऱ्या एन पॅनेलमध्ये दोनदा बघितलं). तरी रेंडर केलं, म्हणजे अंतिम चित्र काढलं, की टेबलावर मांडलेला खेळण्यातला देखावा दिसतो. झाडांची उंची ५ मीटरवर आणली तर डोंगर जरा डोंगर वाटला, पण जवळची झाडं बोन्साय! मोठी ठेवली तर डोंगराचं टेकाड होतं.

डोंगर उपग्रहाच्या उंचीच्या डेटातून घेतलाय, ४०० बाय ४०० पिक्सेलचा तुकडा. प्लेन (ज्यावर डोंगर उठवलाय तो सपाट पृष्ठभाग) २ किमी, डिस्प्लेस (तो किती मीटर वर उचलायचा ते माप) ३००, नजरेला बरा वाटला म्हणून. लेन्स ३५ मिमी.

धूसर:
झाड ओबीजे फाइल (थ्रीडी मॉडेलचा एक फाइल-प्रकार) आहे का? ओबीजेत एकक नसतंच, सेंटिमीटरमध्ये बनवलेलं झाड शंभर पट होऊन येतं. पण २० दिसतंय म्हणताय, म्हणजे ते नसावं. स्केल रँडम ०.५ ते २ करून बघा, म्हणजे प्रत्येक झाड निम्म्यापासून दुपटीपर्यंत कसंही, जिवंतपणा येतो.

तिरपी_रेघ:
झाड राहू द्या बाजूला. कॅमेरा जमिनीपासून किती वर आहे?

अर्धा_रेंडर:
१४ मीटर. समोरचा उंचवटा आड येत होता, म्हणून उचलला.

तिरपी_रेघ:
मग सापडलं की!

सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. वस्तू जवळ असो की लांब, फरक पडत नाही. तुमच्या चित्रात ती रेघ झाडाच्या पानोळ्यातून जात असणार, बघा. बघणारा मात्र नकळत धरून चालतो की आपण जमिनीवर उभे आहोत, डोळे १.६ मीटरवर. म्हणजे १४ मीटरचं त्याच्या लेखी १.६ झालं आणि तुमचं २० मीटरचं झाड २.३ मीटरचं. झुडूपच ते! कॅमेरा १.६ वर आणा, रेघ खोडाच्या तळाशी लागेल आणि झाड तिच्या साडेबारा पट उंच उभं राहील. मात्र ३:२ चौकटीत, ३५ मिमी लेन्सने, कॅमेरा न वाकवता शेंडा बसवायचा तर ५४ मीटर मागे जावं लागेल. उंचवटा आड येतोय? उंचवटा हलवा. मी आधी उलटंच करायचे.

दुसरी गोष्ट डोंगराची. डेटा ३० मीटरचा आहे ना, म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर ३० मीटर? मग ४०० पिक्सेल म्हणजे १२ किमी. तुम्ही तो २ किमीत कोंबलाय. (विषुववृत्तापासून लांबचा तुकडा अक्षांश-रेखांशात असेल तर पूर्व-पश्चिम पिक्सेल आणखी अरुंद, ६० अंशांवर जवळपास निम्मा.) फाइलमधली सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त उंची बघा, त्यांची वजाबाकी डिस्प्लेसला द्या. त्याआधी कंट्रोल-ए दाबून प्लेनचं स्केल अप्लाय करा, नाहीतर उंचीही त्याच पटीत फुगेल. नजरेला बरा वाटणारा डोंगर नेहमी खोटा असतो, हे माझं मत.

खोडकर:
वरच्या ०.५ ते २ ला माझा ठाम विरोध. झाड दुप्पट उंच झालं की खोड दुप्पट नाही, साधारण २.८ पट जाड लागतं, नाहीतर ते स्वतःच्या वजनाने वाकेल. सरसकट ताणलेलं झाड म्हणून किडमिडं वाटतं. आणि पानं? रोपट्याचं पान काही झाडाच्या पानाच्या पावपट नसतं. तुमचा बोन्साय तिथून आला: ५ मीटरच्या झाडावर पानंही चौथाई. सालीच्या भेगासुद्धा. लहान झाड हवं तर लहान झाडाचंच वेगळं मॉडेल घ्या, रँडम ०.८५ ते १.१५, बस्स.

अर्धा_रेंडर:
केलं. फाइलमध्ये ६२० ते १४८० निघालं, म्हणजे डिस्प्लेस ८६०. मी ३०० वर खूश होतो! कॅमेरा १.६ वर आणला आणि पहिल्याच रेंडरला मान वर करावीशी वाटली. समोरच्या उतारावरची झाडं ५ किमीवर गेली, १९२० रुंदीच्या चित्रात एकेक जेमतेम सात पिक्सेल. तिथे हजारो पानांचं मॉडेल कशाला पेरत होतो देव जाणे. आता साधे ठोकळे टाकलेत, कुणाला कळत नाही.

एकच राहिलं: धुकं. आधी छान हलकं होतं, आता मागचा डोंगरच गायब.

तिरपी_रेघ:
अंतर सहापट झालंय, घनता तीच ठेवलीत. सहाने भागा.